पोथीतलं औषध, पिंजऱ्यातला उंदीर

वावडिंग म्हटलं की मराठी घरातल्या माणसाला बाळंतिणीची खोली आठवते. ओव्या-शेपांची धुरी, तेलाचा वास, आणि पाण्यात उकळलेले मिरीएवढे तांबूस-काळे दाणे. पोटात वायू धरू नये, जंत होऊ नयेत, म्हणून आजी ते पाणी बाळाला बोंडल्याने पाजायची. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात, तरी कित्येक घरांत ती पुडी अजून फडताळात असते. बाळाच्या आगमनाशी इतकी जोडलेली ही वस्तू जुन्या वैद्यकग्रंथांत बाळ राहू नये यासाठीही सांगितलेली आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं.

सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त तो योग आहे. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार समभाग घ्यावेत, चूर्ण करावं आणि स्त्रीने ऋतुकाळात ते दुधाबरोबर घ्यावं. गर्भ राहत नाही. तिन्ही वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतात. ग्रंथ आपला आहे, खर्च चार पैशांचा आहे आणि नवऱ्याच्या किंवा सासूच्या नकळत घेता येण्यासारखा उपाय आहे. मग हे औषध घरोघर का गेलं नाही?

एका कादंबरीसाठी मी १९३० च्या आसपासच्या पांढरपेशा कुटुंबांबद्दल वाचत होतो, तेव्हा हा प्रश्न मला पडला. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि त्यापायी नोकरी गमावली, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. कर्व्यांच्या दारापर्यंत पोचणाऱ्या बायका किती? बाकीच्यांना आधार होता तो चुलीपाशी कुजबुजत सांगितलेल्या मुळ्यांचा, बियांचा आणि काढ्यांचा. त्या कुजबुजीत तथ्य किती होतं, हे शोधायला निघालो आणि पोचलो तो पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यापाशी.

पिंजऱ्यातली तपासणी

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९५२ साली, जगात सर्वांत आधी हाती घेतला. साधनं मात्र तुटपुंजी होती. तेव्हा आपल्याच रानावनात, आपल्याच पोथ्यांत काही सापडतं का, याचा शोध सुरू होणं स्वाभाविक होतं. १९५१ साली लखनौला गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी वाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. तिथे १९६० च्या दशकापासून शेकडो भारतीय वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासले गेले. बनारसला, कलकत्त्याला, जयपूरलाही तेच काम चाललं होतं. गणपतीला वाहायच्या जास्वंदीच्या फुलांचा बेंझीनमध्ये काढलेला अर्क बनारस हिंदू विद्यापीठात १९७० च्या दशकात उंदरांवर तपासला गेला आणि त्यात गर्भ रुजू न देण्याचा गुण दिसला. फूल तेच, पण देव्हाऱ्यात त्याची परीक्षा वेगळी आणि प्रयोगशाळेत वेगळी.

ही परीक्षा कशी घेतात ते समजून घेण्यासारखं आहे. पांढऱ्या उंदराच्या मादीचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं असतं. रोज सकाळी काचपट्टीवर स्रावाचा थेंब घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. योग्य दिवशी तिला रात्रभर नरासोबत ठेवतात. सकाळी काचपट्टीवर शुक्रजंतू दिसले की तो गर्भारपणाचा पहिला दिवस. गर्भ पाचव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या भिंतीत रुजतो. म्हणून पहिल्यापासून सातव्या दिवसापर्यंत तिला वजनाच्या हिशेबाने, ठरल्या मात्रेत, नळीने अर्क देतात. शेजारच्या पिंजऱ्यातल्या तितक्याच माद्यांना तसंच सगळं करतात, फक्त अर्काऐवजी ज्यात तो कालवला तो नुसता द्रव देतात. दहाव्या दिवशी भूल देऊन पोट उघडतात आणि गर्भाशयात माळेच्या मण्यांसारखे रुजलेले गर्भ मोजतात. काहींना पुन्हा शिवून पुढे बाळंत होऊ देतात; उंदराचे दिवस एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी भरतात.

यातली शेजारच्या पिंजऱ्यातली बिनऔषधाची रांग मला फार महत्त्वाची वाटते. औषध न घेताही काही माद्यांना दिवस जात नाहीत. घरातल्या बाईला एखादं वर्ष दिवस गेले नाहीत, की श्रेय काढ्याला जातं. काढा न घेता तेच वर्ष गेलं असतं तर काय झालं असतं, हे सांगणारी शेजारची बाई तिला मिळत नाही. ती रांग प्रयोगशाळेत आधी मांडावी लागते.

वावडिंगाची परीक्षा याच रीतीने झाली. त्याच्या फळात एम्बेलिन नावाचं नारिंगी रंगाचं स्फटिकरूप द्रव्य असतं. पांढऱ्या उंदरांवरचे एम्बेलिनचे गर्भनिरोधक परिणाम १९७५ साली एका भारतीय संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. म्हणजे भावमिश्रांची गोष्ट निव्वळ कल्पना नव्हती. दाण्यात काहीतरी होतं. इथवर वाचलं की आपली छाती अभिमानाने फुगते. पण शास्त्राच्या वहीत ही पहिलीच नोंद असते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले पुढचे आकडे एकमेकांशी नीट जुळेनात. अर्क पाण्यातला की अल्कोहोलमधला, मात्रा किती, उंदरांची जात कोणती, यावर उत्तर बदलत होतं.

त्यात आणखी एक घरगुती भानगड. ग्रंथातलं विडंग म्हणजे शास्त्रीय नावाने ‘एम्बेलिया राइब्स’. आपल्या बाजारात वावडिंग म्हणून जे विकलं जातं त्यात त्याच कुळातल्या दुसऱ्या वेलीची फळं सर्रास असतात, कधी भलत्याच झुडपाचीही. खरा वेल सह्याद्रीत आता विरळ झाला आहे. पोथी वाचून प्रामाणिकपणे चूर्ण करणाऱ्या बाईच्या खलात पोथीतलंच फळ पडलं असेल, याची हमी वाणीही देऊ शकत नाही.

गुण न आलेल्यांची पत्रं

इथे मला बँकेतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. लघुउद्योगाच्या कर्जासाठी एक गृहस्थ आले. केशतेल, दंतमंजन आणि संततिनियमनाचं चूर्ण, असा त्यांचा कारखान्याचा बेत होता. अर्जासोबत त्यांनी संस्कृत ग्रंथाच्या पानाची हाताने केलेली नक्कल आणि चाळीसेक पत्रं जोडली होती. ‘आपल्या चूर्णाने गुण आला’ असं बायकांनी, किंवा बायकांच्या नावाने, लिहिलेली. मी सगळी वाचली आणि विचारलं, “ज्यांना गुण आला नाही त्यांची पत्रं कुठे आहेत?”

ते अगदी निरागसपणे म्हणाले, “साहेब, ज्यांना गुण येत नाही त्या पत्र कशाला लिहितील?”

ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. बँकेत शाखेची प्रकृती आम्ही थकबाकीच्या यादीवरून ओळखायचो. वेळेवर हप्ते भरणाऱ्यांची यादी कितीही लांब असली तरी तपासनीस ती बाजूला सारायचा आणि म्हणायचा, बुडीत खाती दाखवा. केशतेल आणि दंतमंजनापुरतं कर्ज मंजूर करून चूर्णाचा भाग मी वगळला. गृहस्थ खट्टू झाले, पण तेलावर त्यांनी हप्ते व्यवस्थित फेडले.

त्याच गावात म्हशीसाठी कर्ज घेतलेली एक बाई होती. चार मुली पदरात. सासूला नातू हवा, म्हणून ऑपरेशनला घरातून परवानगी नाही. बाई दूध घालायला यायची तेव्हा माझ्या पत्नीशी मोकळेपणाने बोलायची. एकदा म्हणाली, “वहिनी, बाजारच्या दिवशी येणाऱ्या वैदूकडून पुडी घेते. झाडपाल्याचं आहे, त्यानं काय व्हतंय?” वर्षाच्या आत तिला पाचव्यांदा दिवस गेले. गेलेले कळले तेव्हा तिसरा महिना होता, आणि तोवर पुडी चालूच होती. त्या पुडीत काय होतं ते वैदूखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. मूल झालं, पाचवी मुलगीच, सुदैवाने धडधाकट. पण ते सहा महिने ती बाई ज्या धास्तीत होती, ती माझ्या पत्नीने पाहिली आहे. पुडीने गर्भ राहिला नसता तर प्रश्नच नव्हता. पुडी घेऊनही राहिला, आता त्या पुडीने आतल्या जिवाचं काय केलं असेल, हे तिला सांगणारं गावात कोणी नव्हतं.

गर्भनिरोधकाच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. तापाचं औषध फसलं तर ताप राहतो. गर्भनिरोधक फसलं तर नवा जीव राहतो, आणि औषधाचा अंश त्याच्याही रक्तात गेलेला असतो. पोथीत ‘गर्भ राहत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं; राहिलाच तर काय, ही ओळ तिथे नसते. ती ओळ उंदराच्या पिंजऱ्यात लिहिली गेली. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांची हीच वटी गाभण उंदरांना देऊन केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या माद्यांच्या पोटातली पिल्लं वजनाने कमी आणि लांबीने आखूड भरली. काही पिल्लांची आतडी नाळेत उतरलेली आढळली. शतकानुशतकं ग्रंथात असलेल्या, ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या योगाबद्दलची ही नोंद एखाद्या आजीला करता आलीच नसती. अशक्त मूल जन्मलं की आपण नशिबाला, ग्रहणाला, दृष्टीला बोल लावतो. वर्षापूर्वीच्या पुडीला लावत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

पण म्हणून उंदराने दिलेला निकाल अंतिम मानायचा का? तसंही नाही. चीनमधली हकिगत पाहा. तिथल्या काही खेड्यांत घरच्या घाणीवर काढलेलं सरकीचं कच्चं तेल खाण्यात आलं आणि तिथे मुलं जन्मेनाशी झाली, असं १९५० च्या दशकात लक्षात आलं. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य पुरुषांचे शुक्रजंतू थांबवतं, हे पुढे सिद्ध झालं. विदर्भ-खानदेशात ढिगाने पडणारी हीच सरकी. प्रयोगशाळेत मात्र प्राण्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली. हॅमस्टर आणि उंदीर यांच्यावर परिणाम झाला, सशावर झालाच नाही. नुसते ससे वापरले असते तर गॉसिपॉल निरुपयोगी ठरून बाजूला पडलं असतं.

१९७० च्या दशकात चीनमध्ये आठ हजारांहून अधिक पुरुषांना गॉसिपॉल दिलं गेलं. गुण उत्तम आला. मग थकबाकी दिसू लागली. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं, आणि सुमारे दहा टक्के पुरुषांची प्रजननशक्ती औषध थांबवल्यावरही परत आली नाही. तात्पुरता उपाय म्हणून घेतलेलं औषध त्यांच्या बाबतीत कायमचं ठरलं. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा मार्ग सोडून द्यावा असा सल्ला दिला.

आपल्याकडच्या ईश्वरी ऊर्फ सापसन या वेलीची गोष्ट याहून बोलकी आहे. तिच्या मुळातल्या द्रव्यांचा गर्भनिरोधक परिणाम कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात उंदरांवर दाखवला. पण त्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि शोध घेता घेता बोट या आम्लावर आलं. आज ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. दहा दिवसांत गर्भ मोजून संपणाऱ्या प्रयोगात मूत्रपिंडाची ही हानी दिसणार कशी? उत्तर बरोबर होतं. विचारलेला प्रश्नच तेवढा होता.

प्राणी दर वेळी दोषीच ठरवतात असं नाही, निर्दोष सुटकाही करतात. गर्भारणीने पपई खाऊ नये, हा आपल्याकडचा जुना धाक. सिंगापूरच्या संशोधकांनी तो उंदरांवर तपासला आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिकलेल्या पपईने गाभण उंदरांना किंवा पिल्लांना काही अपाय दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशय जोराने आकुंचन पावलं. आजीचा धाक अर्धा खरा निघाला, आणि कुठला अर्धा ते कळलं. त्याच वर्षी जयपूरहून आणखी एक बातमी आली. पपईच्या बियांचा अर्क दिल्यावर नर वानरांच्या वीर्यातले शुक्रजंतू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर परत आले. म्हणून कोणी पपईच्या बिया चावत बसू नये. वानरापासून माणसापर्यंतचा रस्ता फार लांब आहे, आणि बरीच औषधं त्या रस्त्यातच थांबतात.

जगाला मिळालेली पहिली गर्भनिरोधक गोळी वनस्पतीतूनच आली, तीही भलत्या वाटेने. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानटी कंदातून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची स्वस्त रीत काढली. तो कंद खाऊन कोणाची गर्भधारणा टळत नाही. त्याच्यातल्या द्रव्यावर प्रयोगशाळेत बरेच संस्कार करावे लागतात. पिंकस आणि चांग यांनी अमेरिकेत अशी द्रव्यं सशांवर आणि उंदरांवर तपासली. सशाच्या मादीचं बीजांड समागमानंतरच, दहा-एक तासांनी सुटतं, त्यामुळे ते अडलं की नाही हे घड्याळ लावून पाहता येतं. १९६० मध्ये गोळीला मान्यता मिळाली. आपल्या लखनौच्या संस्थेने दिलेली आठवड्याची गोळी ‘सहेली’ नावाने १९९१ मध्ये बाजारात आली, पुढे ती ‘छाया’ नावाने सरकारी कार्यक्रमातही गेली. तीही कुठल्या मुळीतून आलेली नाही, प्रयोगशाळेत घडवलेली आहे.

त्या जिवांचं देणं

हे सगळं वाचताना एक सल मनात राहतो. त्या पांढऱ्या माद्यांनी कुटुंबनियोजनाचा काय अपराध केला होता? दहाव्या दिवशी पोट उघडलेल्या, मोजून संपवलेल्या अशा किती! हा प्रश्न भाबडा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीचे नियम १९९८ मध्ये झाले. त्यानुसार प्रयोगाआधी नीतिसमितीपुढे जावं लागतं आणि इतके प्राणी कशाला, दुसरा मार्ग नाही का, याचं उत्तर द्यावं लागतं. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांनाही दार उघडलं. गर्भ रुजणं, वाढणं आणि निरोगी जन्मणं हा सगळा प्रवास काचेच्या बशीत पाहणं अजून साधलेलं नाही. ते साधेल तेव्हा पिंजरे रिकामे व्हावेत, असंच मला वाटतं.

तोवर त्या जिवांचं देणं फेडायचा एक साधा मार्ग आपल्या हातात आहे. त्यांच्याकडून जे कळलं ते वाया घालवू नये. दरवेळी शे-दोनशे उंदरांना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, निबंध छापायचा, आणि बाजारात मात्र न तपासलेली पुडी विकली जात राहायची, यासारखी उधळपट्टी नाही.

मी आयुर्वेदाचा वैरी नाही. माझ्या घरात आजही त्रिफळा आहे, सुंठ आहे. भावमिश्रांबद्दल मला आदरच वाटतो. चारशे वर्षांपूर्वी त्यांनी बाईला कधी मूल नको असतं हे मान्य करून तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या. त्या ओळींचा मान राखायचा तर त्या तपासूनच घ्यायला हव्यात. उद्या तुमच्या घरातल्या लेकीला, सुनेला कोणी असं चूर्ण सुचवलं आणि ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय’ म्हणालं, तर दुकानदाराला गुण आलेल्यांची पत्रं विचारू नका. ती त्याच्याकडे असतातच. ज्यांना गुण आला नाही त्यांचं आणि त्यांच्या बाळांचं काय झालं, ते विचारा. त्याच्याकडे उत्तर नसेल, तर पुडी तिथेच ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा.